झरोक्यात कोंबलेले पोते

नाशिक,
18 जानेवारी 2025

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आई यांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईने बोलता बोलता सांगितले की, सोमवारी अंघोळ करून बाहेर येताना तिला गरगरले, ती न्हाणीघराच्या उंबऱ्यावरच बसून राहिली आणि तुम्ही लिंबूपाणी दिल्यावर अर्ध्या तासाने तिला बरे वाटले. रक्तदाब मोजला तेव्हा तो नेहमीसारखाच निघाला, म्हणून तुम्ही दोघांनी ते पित्तावर घातले. न्हाणीघराचा झरोका उघडा असतो का, असे मी विचारल्यावर आई म्हणाली, "नाही गं, वारं येतं म्हणून दिवाळीनंतर त्यात पोतं कोंबलंय." त्याच क्षणी मी पोते काढायला आणि गॅसचा गीझर बंद ठेवायला सांगितले. तुम्ही "बघू" म्हणालात आणि विषय माझ्या नोकरीकडे नेला. बाबा, तुमच्या "बघू"चा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक आहे, म्हणून सगळे कारणांसहित लिहून कुरियरने पाठवत आहे.

गॅसचा गीझर पेटतो तेव्हा त्याची ज्योत खोलीतली हवा खाते. तुमचे न्हाणीघर जेमतेम चार बाय सहा फुटांचे आहे. दार लावलेले आणि झरोका बुजवलेला असला की काही मिनिटांत तिथला प्राणवायू कमी पडू लागतो, गॅस पुरता जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत की ठसका लागत नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्याला 200 पटींहून अधिक घट्ट धरते, त्यामुळे छातीत श्वास येत-जात असूनही शरीराला प्राणवायू पोहोचत नाही. डोके जड होणे, मळमळणे, गरगरणे ही त्याची पहिली लक्षणे. त्यानंतर पायातली शक्ती जाते आणि माणूस कडीपर्यंत हात नेऊ शकत नाही. आईला झाले ते पित्त असेलही, पण तिची लक्षणे या वर्णनाशी इतकी जुळतात की ते पित्तच होते असे धरून चालणे मला शक्य नाही. डॉक्टरांकडे जाल तेव्हा बंद न्हाणीघर आणि गॅसचा गीझर या दोन्ही गोष्टी त्यांना आवर्जून सांगा. त्या कळल्याशिवाय त्यांना हा संशय येणार नाही.

यात माझीही चूक आहे आणि ती मला परवापासून टोचते आहे. दिवाळीत मी आले होते तेव्हा गीझरची ज्योत निळी नसून पिवळी दिसली होती. पिवळी ज्योत म्हणजे गॅस नीट जळत नाही, हे माहीत असूनही मी ते तसेच सोडून परतले.

कुरुंदवाडच्या घरी आपण इतकी वर्षे बंबावर पाणी तापवले, तेव्हा कुणाला काही झाले नाही, असे तुम्ही म्हणाल. पहाटे पाच वाजता तुम्ही चिपाडे आणि ढलप्या घालून बंब पेटवायचात, त्या धुराचा वास मला अजून आठवतो. पण तो बंब परसात, उघड्या आभाळाखाली होता. विस्तव बाहेर राहायचा आणि फक्त पाणी आत यायचे. आताच्या कोल्हापूरच्या घरात विस्तवच आत आला आहे आणि हवेची वाट आपण बंद केली आहे. याच कारणासाठी, खोली उबदार करायला घमेल्यात निखारे घेऊन बसण्याची तुमची सवयही या घरात चालणार नाही. खोलीचे दार-खिडकी लावून निखारे ठेवले तर तेथेही हाच वायू साठतो, आणि झोपलेल्या माणसाला तो कळतसुद्धा नाही.

नवी व्यवस्था होईपर्यंत पाणी स्वयंपाकघरातल्या शेगडीवर, खिडकी उघडी ठेवून तापवा. भरलेले पातेले उचलू नका. अर्धी कळशी, झाकण लावून, दोन खेपांत न्या. बादलीत टाकायचा विजेचा रॉड मात्र कुणी दिला तरी घेऊ नका, कारण ओल्या फरशीवर त्याचा धोका फार मोठा आहे.

आता मूळ गोष्टीकडे येते. आईने झरोक्यात पोते कोंबले ते घरात गारठा आहे म्हणून. गारठा का आहे, तर पश्चिमेची भिंत पावसाळ्यापासून ओली आहे आणि आतल्या खोलीच्या खिडकीची झडप बिजागरीतून उतरल्यामुळे नीट लागत नाही. दिवाळीत मी ठेवून गेलेल्या तापमापकावरचे आकडे तुम्ही रोजनिशीत लिहून ठेवलेत, हे फार चांगले केलेत. बाहेर 15 अंश असताना पहाटे आतल्या खोलीत तीन दिवस 17 भरले. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली घरांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत थंडीच्या दिवसांत घरातले तापमान 18 अंशांच्या खाली जाऊ नये असे सुचवले आहे आणि वृद्धांना त्याहून अधिक उबेची गरज पडू शकते असेही म्हटले आहे. ती शिफारस समशीतोष्ण आणि थंड देशांसाठी आहे आणि कोल्हापूर काही थंड मुलूख नव्हे, हे मला मान्य आहे. पण थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो, हा शरीराचा धर्म कोल्हापुरातही तोच राहतो. आईचे गुडघे सकाळी किती वेळाने मोकळे होतात, हे तुम्ही रोज पाहताच. दोन वाकळी आणि कानटोपी एवढ्यावर आणखी एक हिवाळा काढू नये, असे मला मनापासून वाटते.

भिंतीची ओल ही गारठ्याची निम्मी गोष्ट आहे. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा घरातली ऊब लवकर बाहेर जाऊ देते, आणि तिच्यातले पाणी वाळताना भिंत आणखी थंड करते. पोपडे खरवडून वरून रंग दिला, तर पुढच्या श्रावणात तेच पोपडे परत येतील. पाणी गच्चीवरून, कठड्याच्या खालच्या भेगेतून उतरते आहे. त्यामुळे काम गच्चीच्या कोब्याचे आहे आणि ते मे महिना संपायच्या आत व्हायला हवे. आपल्याकडे जूनमध्ये झड लागली की गवंड्याला कोब्याला हात लावता येत नाही.

हे सगळे घरमालकांना सांगायचे आहे, आणि तुमचे पाऊल तिथेच अडते. आधी तुम्ही म्हणालात दिवाळी होऊ दे, मग म्हणालात संक्रांत होऊ दे, आणि परवा आईकडून कळले की आता अंबाबाईचा किरणोत्सव होऊ दे असे ठरले आहे. तुमची अडचण मला समजते. जुलै 2021 मध्ये पुराचे पाणी घरात शिरले, 2005 आणि 2019 नंतर तिसऱ्यांदा सगळे चिखलात गेले आणि तुम्ही कुरुंदवाड सोडायचे ठरवलेत, तेव्हा मंगळवार पेठेतल्या या गृहस्थांनी अनामत रक्कम न मागता वरचा मजला उघडून दिला. ते तुम्हाला "सर" म्हणतात, गुऱ्हाळ सुरू झाले की पहिली गुळाची ढेप वर पाठवतात. अशा माणसापुढे तक्रारीचा कागद ठेवणे तुम्हाला कृतघ्नपणाचे वाटते. पण बाबा, ज्याने संकटात दार उघडले, त्याला त्याच घरात आईचा जीव धोक्यात आहे हे न सांगणे मला अधिक मोठा अन्याय वाटतो. उद्या काही विपरीत घडले, तर "सरांनी मला एका शब्दाने सांगितले असते तर" हे ओझे त्यांना जन्मभर वाहावे लागेल. त्यांना कळवले, तर त्यांना आपले कर्तव्य करण्याची संधी मिळेल.

कायद्याचेही मी पाहिले आहे, भांडण्यासाठी नव्हे, आपले काय आणि त्यांचे काय हे नीट कळावे म्हणून. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 प्रमाणे, वेगळा करार नसेल तर जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणे हे घरमालकाचे काम आहे. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र एका वर्षात वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. हे कलम भाडेकरूंसाठी आहे आणि आपला करार अकरा महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे फक्त राहण्याच्या परवानगीचा आहे. म्हणून मी या कलमावर भर देणार नाही. आपल्या करारातच "किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याने, मोठी दुरुस्ती मालकाने" अशी अट आहे आणि ती पुरेशी आहे. गच्चीची गळती ही मोठी दुरुस्ती आहे. गॅसचा गीझर त्यांनीच बसवलेला, त्यांच्या मालकीचा आहे, तेव्हा तो धोक्याच्या जागेवरून काढणे हेही त्यांच्याकडेच येते. विजेचा नवा गीझर मात्र करारात कुठेही नाही, त्यामुळे तेवढी आपली विनंती राहील. दुरुस्ती मागायची आणि गीझरची विनंती करायची, हा भेद घरमालकांना द्यायच्या पत्रात मी स्पष्ट ठेवला आहे.

गच्चीवर त्यांचा सौर बंब आहे आणि त्याचा नळ आपल्या भिंतीवरूनच खाली जातो, म्हणून त्यालाच जोड घ्यावी असे आईने सुचवले होते. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात ते उत्तम चालेल, पण जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात सूर्याचे दर्शन आठवडाभर होत नाही आणि ओलीचे खरे दिवस तेच असतात. म्हणून विजेचा गीझरच हवा. 25 लिटरचे पाणी 20 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापवायला 2 किलोवॅटच्या गीझरला साधारण पस्तीस ते चाळीस मिनिटे आणि सव्वा युनिट वीज लागते, आणि त्यात तेवढेच गार पाणी मिसळले की दोघांच्या अंघोळी निघतात. गीझर मी घेऊन देते. त्यासाठी 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट, चांगले अर्थिंग आणि स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की वीज आपोआप तोडणारा खटका) एवढे त्यांनी त्यांच्या वायरमनकडून करून द्यावे. तुम्ही गुपचूप स्वतःच्या पेन्शनमधून सगळे करून घ्यायचा विचार करत असाल, तर तसे करू नका. दुसऱ्याच्या भिंतीत न विचारता भोके पाडली, तर आज नसली तरी घर सोडताना कटुता येते.

त्या पत्राचा मी केलेला मसुदा असा आहे. शब्द तुम्हाला हवे तसे बदला.

"सप्रेम नमस्कार. आपल्या वरच्या मजल्यावर आम्ही सप्टेंबर 2021 पासून राहत आहोत आणि पुराच्या दिवसांत आपण दिलेल्या आधाराचे आम्हाला कधीही विस्मरण होणार नाही. दिनांक 13 जानेवारी रोजी न्हाणीघरात गॅसचा गीझर चालू असताना माझ्या पत्नीस घेरी आली. बंद जागेतील गॅस गीझरमुळे जिवास धोका असल्याने आम्ही त्याचा वापर थांबवला असून तो तेथून काढावा, ही विनंती. त्याऐवजी विजेचा गीझर आम्ही स्वखर्चाने आणू. त्यासाठीचा पॉइंट व अर्थिंग आपण करून द्यावे. पश्चिमेच्या भिंतीस गच्चीवरून ओल येते व आतील खोलीच्या खिडकीची झडप लागत नाही, त्यामुळे खोलीत पहाटे 17 अंशांपर्यंत गारठा असतो; छायाचित्रे व तापमानाच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. खिडकी येत्या पंधरा दिवसांत व गच्चीचे काम मे अखेरपर्यंत व्हावे. कारागीर येतील त्या दिवशी आम्ही घरी थांबू व लागेल ते सहकार्य करू."

तुम्ही "कराल तेव्हा करा" असे जोडाल अशी मला भीती वाटते. ते कृपया जोडू नका, तारखा तशाच राहू द्या. चालू करार 30 एप्रिलला संपतो. नव्या करारात गीझर कुणाचा, त्याची देखभाल कुणाची आणि गच्चीचे काम कधी, या गोष्टी लिहूनच सही करा आणि तो नेहमीप्रमाणे नोंदवून घ्या. ते घर रिकामे करायला सांगतील, ही आईची धास्ती मला खरी वाटत नाही. तीन वर्षांत एकदाही भाडे न चुकवणारे भाडेकरू कुणी सहज सोडत नाही. तरीही तसे झालेच, तर राजारामपुरीत किंवा उपनगरात जागा शोधायला मी आठवडाभर रजा काढून येईन.

पत्राच्या दोन प्रती सोबत आहेत. एक त्यांच्या हातात द्या आणि दुसरीवर मिळाल्याची सही व तारीख घ्या. सही मागणे तुम्हाला जड जाईल, तर ते काम मी आल्यावर करते. शुक्रवारी 24 तारखेला रात्री निघून शनिवारी सकाळी पोहोचते. येताना कार्बन मोनॉक्साइड ओळखून वाजणारा अलार्म आणते. गॅसचा गीझर भिंतीवरून उतरेपर्यंत तो न्हाणीघराच्या दाराबाहेर लावू. आई, झरोका उघडा ठेवलास का, ते हे पत्र मिळताच मला फोन करून सांग.

तुमची,
धाकटी