मने, पुन्हा तोच फोन

स्पिट्झकोप, नामिबिया
८ जून, रात्र

प्रिय मने,

सहा महिने झाले, ना पत्र ना फोन. तुझ्या वाढदिवसाला नुसता केकचा फोटो पाठवून मोकळी झाले. शिव्या घालायच्या असतील तर घाल, पण आधी हे वाचून घे. दुसऱ्या कुणाला लिहायचं तर आधी लातूर सांगावं लागेल, औसा रोडची खोली सांगावी लागेल, तुळजापूर सांगावं लागेल. तुला यातलं काहीच सांगायला नको.

तब्येत ठीक आहे. ओठ फुटलेत, कानातून वाळू निघते. बाकी बरी.

जर्मनीतलं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपलं, नवीन काम ऑगस्टपासून. मधल्या वेळात मी केपटाउनहून एका ट्रकने निघालेय. मागे चोवीस खुर्च्या, खिडक्या, प्रत्येकाला कुलूप लावायचा कप्पा, आणि ट्रकच्या कुशीत उघडणारं स्वयंपाकघर. संध्याकाळी आपला तंबू आपण ठोकायचा, पहाटे अंधारात मोडायचा. भाजी चिरायची पाळी, भांड्यांची पाळी, ट्रक झाडायची पाळी. धुतलेली ताटं फडक्याने पुसायची नाहीत, एकाचं पोट बिघडलं की फडक्यातून सगळ्यांचं बिघडतं म्हणून. सगळ्यांनी गोल उभं राहायचं आणि ताटं हवेत फडफडवून वाळवायची. पहिल्या रात्री मला मेसच्या मावशीच आठवल्या. त्या म्हणाल्या असत्या, "आरती झाली असेल तर जेवायला बसा गं."

बरोबरची बहुतेक पोरं अठरा-एकोणीसची. शाळा संपलेली, विद्यापीठ सुरू व्हायचंय, मधलं वर्ष मोकळं. त्याला ते गॅप इयर म्हणतात. मने, आपणही ते वर्ष घेतलं होतं. आपल्याकडे त्याला ड्रॉप म्हणायचे. दोन कॉट, एक टेबल, भिंतीवर पिरिऑडिक टेबल, आणि पाणी तापवायची कॉइल. (कॉइल माझी होती. हे माझं म्हणणं आजही कायम आहे.) या पोरांना त्याच वयात चिंता एवढीच, की आज टेकडी चढायची की उद्या. मला हेवा वाटला नाही. आपली दोघींची फार कीव आली.

त्यांच्यात एक जर्मन मुलगा होता, एकोणीस वर्षांचा. नाव लिहीत नाही, कुणाला सांगणार नाही असं मी त्याला म्हटलंय. बाकी ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच, त्यामुळे त्याला आपल्या भाषेत बोलायला माणूस म्हणजे मीच. खूप बोलायचा, खूप हसवायचा. सुगरणीचं घरटं तू पाहिलंयस ना? इथे तसली पाखरं एकाच झाडावर शंभर बिऱ्हाडं मिळून गवताचा गंजीएवढा एकच वाडा बांधतात. ते बघून तो म्हणाला, "यांना भाडं कोण देतं?" तुझ्या जातीचा माणूस.

३१ मेच्या रात्री आम्ही ऑरेंज नदीच्या काठी उतरलो होतो. नदीच्या अलीकडे दक्षिण आफ्रिका, पलीकडे नामिबिया. सगळे शेकोटीजवळ, आणि हा एकटा पाण्याशी फोन धरून बसलेला. बारा वाजून गेले तरी बसलेला. तेव्हा मी काही विचारलं नाही.

कारण कळलं डेडव्हलेमध्ये. ती जागा तुला कशी सांगू? पहाटे सेसरिएमच्या फाटकातून निघालो. पंचेचाळीसाव्या किलोमीटरला वाळूची एक टेकडी आहे, तिचं नावच ड्यून ४५. तिच्या धारेवरून चढायचं, एक पाऊल वर आणि अर्धं खाली. सूर्य आला की एक अंग केशरी, दुसरं काळं, मधे सुरीने कापल्यासारखी रेघ. तिथून पुढे जाऊन वाळूतून चालत गेलं की चहूबाजूंनी लाल टेकड्या आणि मधे पांढऱ्या मातीचं कोरडं तळं. कधीकाळी त्साउखाब नदीचं पाणी इथवर यायचं, बाभळीच्या जातीची झाडं वाढली. मग वाळू सरकत आली आणि वाट अडली. झाडं मेली त्याला सहाशे-सातशे वर्षं झाली, पण अजून उभीच आहेत. हवा इतकी कोरडी, की त्यांना कुजताही येत नाही.

तिथे एका झाडाच्या सावलीच्या रेघेत बसून त्याने सगळं सांगितलं. वडील डॉक्टर, आजोबा डॉक्टर. बारावीला मार्क कमी पडले, मेडिकलला जागा मिळाली नाही. एक वर्ष थांबून पुन्हा अर्ज करायचा असं घरात ठरलं. आधीच्या वर्षी शाळा संपवलेल्यांना त्या अर्जाची मुदत ३१ मे. त्याने अर्ज भरलाच नाही, आणि घरी सांगितलं, भरला. मुदत संपताना तो नदीकाठी फोनकडे बघत बसला होता, रेंज असूनही.

मने, माझ्या डोळ्यांपुढे काय आलं ते तुला कळलंच असेल. रविवारी संध्याकाळी एसटीडीवाल्या काकांच्या दुकानात तू घरी टेस्टचे मार्क सांगायचीस. ५१२. ५२०. ५३५. मी मागे उभी. क्लासला तू महिनाभर गेली नव्हतीस हे मला माहीत होतं, आणि मी मागे उभी राहून गप्प.

त्याला मी काय म्हणावं? "सांगून टाक घरी," म्हटलं. तो म्हणाला, "सांगेन, ट्रिप संपली की." दुसऱ्या दिवशी सॉलिटेअरला थांबलो. एक पेट्रोल पंप, गंजलेल्या जुन्या गाड्या, आणि अख्ख्या वाळवंटात नावाजलेला ॲपल पाय, म्हणजे सफरचंद भरून भाजलेला गोड पदार्थ. त्याच्या फोनचं कार्ड चालेना म्हणून माझ्या फोनवरून त्याने आईला फोन लावला. मी शेजारीच होते. हसत हसत बोलला. वाळू कशी, ॲपल पाय कसा गोड. मग पलीकडून काहीतरी विचारलं असावं, कारण तो म्हणाला, "हो, भरला ना, कधीच." फोन परत देताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

तो नंबर माझ्या फोनमध्ये आहे, मने. म्हणून हे पत्र.

मकरवृत्ताची पाटी ओलांडून आम्ही वॉल्व्हिस बेला समुद्राला लागलो आणि तिथून स्वाकोपमुंडला. वाळवंट संपतं आणि मग समुद्र येतो असं इथे नाहीच. वाळू थेट लाटांत उतरते. समुद्राचा प्रवाह थंड, म्हणून पाऊस जवळजवळ नाहीच, नुसतं धुकं. त्या धुक्यावर किडेसुद्धा जगतात. एक काळा भुंगेरा पहाटे टेकडीच्या माथ्यावर डोकं खाली, पाठ वर करून उभा राहतो. अंगावर जमलेलं धुकं थेंब होऊन तोंडात उतरतं. मला तो तुझ्यासारखा वाटला. नळाला पाणी यायच्या वेळी पहाटे चार वाजता बादली घेऊन उभी राहणारी तू.

स्वाकोपमुंड बघून आधी चमकायलाच होतं. वाळवंटाच्या काठावर जर्मन गाव, तसल्याच खिडक्या, तशाच बेकऱ्या. आणि गावाच्या एका टोकाला दफनभूमी. एका बाजूला नावं कोरलेले जर्मनांचे दगड, शेजारी मोकळ्या वाळूवर उंचवटेच उंचवटे, एकावरही नाव नाही. इथे जर्मनांचं राज्य होतं तेव्हा, १९०४ ते १९०८ मध्ये, जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांना मारलं, वाळवंटात हाकललं, उरलेल्यांना छावण्यांत कोंडलं. एक छावणी या गावात होती. जर्मन सरकारने हा वंशसंहार होता असं अधिकृतपणे मान्य केलं ते २०२१ मध्ये. आम्ही दोघं संध्याकाळी तिथे गेलो. तो बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "आमच्या घरात कुठल्याच गोष्टीबद्दल कुणी बोलत नाही." एवढंच. ते फक्त त्या कबरींबद्दल नव्हतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

काल पहाटे पाचला त्याने माझ्या खोलीचं दार वाजवलं. (गावात तंबू नसतो, खोल्या असतात.) पाठीवर सॅक. "मी पुढे येत नाही. दुपारपर्यंत कुणाला सांगू नकोस, म्हणजे मला कुणी अडवणार नाही." कुठे जाणार विचारलं तर म्हणाला, "बघतो." मी त्याला दोन संत्री दिली. मने, मी त्याला संत्री दिली आणि दार लावलं.

सातला ट्रक निघायचा. आमचा म्होरक्या झिंबाब्वेचा, शांत माणूस. डोकी मोजल्याशिवाय चाक हलवत नाही. एक डोकं कमी. त्याने सगळ्यांना विचारलं, मलाही विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. त्याने दवाखान्यात चौकशी केली, बेकऱ्या बघितल्या. मग तो धुक्यातून धक्क्यावर चालत गेला, पार टोकापर्यंत, आणि कठड्यावरून वाकून खाली पाण्यात बघायला लागला. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. ते बघून माझे पायच गेले. पळत जाऊन सगळं सांगितलं. तो माझ्यावर ओरडला नाही. "किती वाजता?" एवढंच म्हणाला. दहाच्या सुमाराला त्या मुलाचा त्यालाच मेसेज आला, की मी माझ्या मर्जीने चाललोय, माझी वाट बघू नका. एकोणीस वर्षांचा म्हणजे सज्ञान. ट्रकवाल्या कंपनीचं ऑफिस घरी कळवणार नाही, तसा नियमच आहे. ट्रक निघाला. म्होरक्या तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतो. त्याचं बरोबर आहे.

वाटेत किनाऱ्याजवळ रुतलेलं एक जहाज दाखवलं, झाइला नावाचं. जुनी मासेमारी बोट, भंगारात विकलेली, ओढून नेताना दोर तुटला आणि २००८ पासून तिथेच उभी आहे. वर पाणकावळे बसलेले, लाटा आरपार. कुठे निघाली होती माहीत आहे? मुंबईला. सगळ्यांनी माझे फोटो काढले, "तुझ्या गावची बोट" म्हणून. मी हसले, पण माझं लक्ष फोनच्या रेंजकडे होतं.

आता इथे रेंज नाही. लाल-केशरी खडकांखाली तंबू, वीज नाही, डोक्याला बॅटरी बांधून लिहितेय. आणि सारखा तोच दिवस आठवतोय. तू सकाळची एसटी पकडून गेलीस, टेबलावर घड्याळ काढून ठेवलंस. घड्याळ बघून मी घाबरले. कुणाला न विचारता तुझ्या घरी आप्पांना फोन केला. मी त्यांना मार्कांचं सगळं सांगितलं हे तुला माहीत आहे, पण आप्पा काय म्हणाले ते मी कधी सांगितलं नाही. मार्कांबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. "पैसे आहेत का तिच्याजवळ?" म्हणाले, आणि मग, "तुळजापूरला गेली असंल. लहानपणी रुसली की तेच म्हणायची." आणि तू तिथेच सापडलीस, पायऱ्यांवर.

त्यानंतर खोलीत मधे दोरी बांधून तू चादर टाकलीस आणि चार महिने माझ्याशी बोलली नाहीस. "तुला विचारलं होतं का मी?" एवढं एकच वाक्य. मला ते इतकी वर्षं टोचतंय. म्हणून काल पहाटे मी दार लावलं. या वेळी नाही सांगायचं, मोठ्या झालेल्या माणसाचं गुपित त्याचं त्याला ठेवू द्यायचं, असं मी ठरवलं होतं. आणि चांगला माणूस धुक्यात धक्क्याच्या टोकाला उभा राहून पाण्यात प्रेत शोधत होता.

तू त्या दिवशी पायऱ्यांवर बसून काय ठरवत होतीस, हे मी तुला कधी विचारलं नाही. आजही विचारत नाही. सांगावंसं वाटलं तर सांग.

उद्या दुपारी आउटजोला पोहोचू, तिथे रेंज येईल. आधी त्याला मेसेज टाकणार की तू घरी फोन कर, नाहीतर मी करते. तासभर वाट बघणार, तेवढा वेळ ट्रक बाजारहाटासाठी थांबतो. उत्तर आलं नाही तर त्याच्या आईला फोन लावणार. त्याने आयुष्यभर मधे चादर टाकली तरी चालेल. या पत्राचे फोटोही तुला तिथूनच जातील, म्हणजे तुझं उत्तर यायच्या आत ते होऊन गेलेलं असेल. तुला विचारत नाहीये, मने. तेव्हाही विचारलं नव्हतं.

तुझा पीजीचा अभ्यास कसा चाललाय? नाइट ड्युटी संपवून डबा न खाता झोपू नकोस. ते पुण्याचं स्थळ आवडलं नसेल तर आईंना एकदाच ठणकावून सांग, दर महिन्याला नवं कारण कशाला? आप्पांच्या गुडघ्याचं काय झालं? त्यांना माझा नमस्कार सांग, आणि पैशांचं ते वाक्य मी तुला सांगितलं हे सांगू नकोस, ते लाजतील.

म्होरक्याने हाक मारली, भांड्यांची पाळी माझी आहे. ताटं फडफडवून येते, मग वेळ मिळाला तर अजून लिहीन.

तुझी,
वैशी