आधी पोटगीचा अर्ज

वानवडी, पुणे

चि. वृषाली हिस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर नवऱ्याच्या त्या दुसऱ्या बाईबद्दल सांगता सांगता तू थांबलीस आणि मागे चिनूचे पाढे ऐकू येत राहिले. आई तेव्हापासून जेवलेली नाही.

"उद्याच सीओसाहेबांकडे, त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे जाते, त्याची वर्दीच उतरवते," असं म्हणालीस. मलाही राग कमी आलेला नाही. पण २४ वर्षं फौजेत क्लर्की केली, असे अर्ज माझ्या टेबलावरून गेलेत, म्हणून लिहितो.

२०१८ साली सुप्रीम कोर्टाने कलम ४९७ रद्द केलं, व्यभिचार फौजदारी गुन्हा राहिला नाही. पण जानेवारी २०२३ मध्ये त्याच कोर्टाने स्पष्ट केलं की त्या निकालाने फौजेच्या कायद्यांना धक्का लागत नाही. त्याच्यावर कारवाई होऊ शकते, अगदी कोर्ट मार्शलसुद्धा. मात्र तो बडतर्फ झाला तर पगार थांबेल, पेन्शनही जाऊ शकते, आणि तुमची पोटगी त्यातूनच यायची आहे. तक्रार जरूर कर. पण आधी पोटगीचा अर्ज दे.

आर्मी ॲक्टखाली कोर्टात न जाताही त्याच्या पगारातून कपात करता येते. बायकोला २२ टक्क्यांपर्यंत, मुलाला ५.५, सगळं मिळून ३३ च्या आत. अर्ज युनिटमार्फत वर जातो, त्याला नोटीस देऊन म्हणणं मागवतात, वेळ लागतो. पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे फौजेतल्या त्याच्या सरकारी नोंदीत, लग्नाची आणि चिनूच्या जन्माची नोंद आहे ना, ते आजच बघ. माझ्या काळात एका बाईचा अर्ज केवळ मुलीची नोंद नव्हती म्हणून महिनोन्‌महिने अडकला होता. ती मुलीला मांडीवर घेऊन ऑफिसबाहेरच्या बाकावर बसलेली असायची. ते मला अजून दिसतं.

घटस्फोटाचं नंतर. बायको राहते तिथे दावा लावता येतो, म्हणजे आपलं शिवाजीनगरचं फॅमिली कोर्ट. बाईचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.

त्याने कुठलाही कागद पुढे केला तरी सही करू नकोस. त्या बाईला फोन तर मुळीच नको.

मी शनिवारी निघतो. चिनूचं दप्तर आणि तुझी कागदांची निळी फाईल तेवढी हाताशी ठेव. बाकी सामान मी आल्यावर बांधतो.

तुझे बाबा