खोगीर टोचतं तेव्हा दोष मुलीचा नसतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२०२३ ला हांगझोऊच्या एशियन गेम्समधे भारताने ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली नेमकेपणाने करून घ्यायच्या घोडेस्वारीच्या प्रकाराचं, टीम गोल्ड जिंकलं, चौघांत सुदीप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंग या दोघी होत्या, आणि तेव्हापासून आमच्या पुण्यातल्या क्लबवर पण मुली जास्त दिसायला लागल्या. छान वाटतं. पण गेल्या आठवड्यात एक कॉलेजची मुलगी म्हणाली ताई मी सोडतेय, बसवतच नाही, आणि का ते सांगताना तिचा चेहरा लाल झाला. म्हणून लिहितेय, कारण हे मी स्वतः तीन वर्षं सोसलंय.

मला सर सांगायचे खोल बस, कंबर सैल सोड. सिटिंग ट्रॉट म्हणजे दुडकीत उठबस न करता खोगिरात बसूनच राहायचं, ड्रेसाजमधे ते फार लागतं, आणि मी तसं बसले की पुढचं जांघेतलं हाड दर पावलाला समोर आपटायचं. सोलून निघायचं, बधिर व्हायचं. सांगणार कोणाला? मला वाटायचं माझीच मांड कच्ची आहे. शेवटी लेडी डॉक्टरांनी विचारलं की खोगीर कसलं वापरता, तोपर्यंत मला कोणी हा प्रश्नच विचारला नव्हता!

साधी गोष्ट आहे हो. बायकांचं ओटीपोटाचं हाड साधारणपणे रुंद असतं, ज्या दोन हाडांवर आपण बसतो त्यांच्यात अंतर जास्त असतं. सीट अरुंद असली की ती हाडं कडेला घसरतात आणि सगळा भार पुढे येतो. खोगिराचा मांड्यांच्या मधे येणारा जो भाग, त्याला ट्विस्ट म्हणतात, तो जाड असला की खुबे फाकतात, पाय सरळ खाली लोंबतच नाही. रिकिबीचा पट्टा अडकवायचा बार फार पुढे असेल तर पाय पुढे जातो आणि खुर्चीत बसल्यासारखं होतं, मग सर ओरडतात की टाच मागे घे. कशी घेणार? खोगीरच पाय पुढे ढकलतंय.

आणि नुसतं लेडीज मॉडेल लिहिलंय म्हणून घेऊ नका, प्रत्येकीची ठेवण वेगळी असते. मी पहिलं सेकंडहँड घेतलं ते दुकानातल्या लाकडी स्टँडवर दोन मिनिटं बसून, पैसे पाण्यात. बसून बघायचं ते आपल्या घोड्यावर, तिन्ही चालींत (साधी चाल, दुडकी आणि कँटर म्हणजे हळू दौड), निदान वीस मिनिटं, कारण टोचायला लागतं ते नंतरच. घोड्याचं पण बघा, तो बिचारा बोलत नाही. समोरून पाहिलं तर खांद्याच्या उंचवट्यावर दोनतीन बोटं मोकळी हवीत, खोगीर खांद्याच्या पात्यावर चढायला नको आणि मागच्या बाजूला शेवटच्या बरगडीच्या पलीकडे जायला नको. टोचतंय म्हणून खाली जाड जेल पॅड घालतात ते तर नकोच, आधीच घट्ट बुटात दोन मोजे घातल्यासारखं होतं, पाठ घोड्याची दुखते.

१९५२ पासून ऑलिम्पिकच्या ड्रेसाजमधे बायका पुरुषांच्या बरोबरीने उतरतायत, त्याच वर्षी डेन्मार्कच्या लिस हार्टेलनी सिल्वर पण जिंकलं, आणि आपल्याकडे मुलगी अजून हे बोलायला लाजते आणि शिकवणाऱ्याला विचारायचं सुचत नाही.

माझी क्लबवाल्यांना कळकळीची विनंती आहे, वेगवेगळ्या रुंदीची दोनतीन ड्रेसाज खोगिरं ट्रायलला ठेवा, आणि मुलींशी याबद्दल मोकळं बोलणारी एक तरी बाई प्रशिक्षक असू दे. दुकानदारांनी डिपॉझिट घ्या पाहिजे तर, पण खोगीर आठवडाभर घोड्यावर लावून बघायला द्या. त्या मुलीला मी येत्या रविवारी माझं खोगीर देणार आहे, तिच्या घोडीला बसतंय का ते आधी बघून.

आपली,
एक घोडेस्वार वाचक, पुणे