पगार कापला नाही, सवलत संपली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्ट २०२० चा पगार हातात पडल्यापासून बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे या कारखान्यांच्या वसाहतींत एकच चर्चा आहे, मालकानं पगार कापला. मी एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, पगारपत्रकाचं काम बघतो, त्यामुळे यातली निम्मी चर्चा माझ्या टेबलासमोरच होते. पगार कुणी कापलेला नाही. पीएफमध्ये मिळालेली तीन महिन्यांची सवलत जुलैअखेर संपली. ही गोष्ट कामगारांना वेळेवर कुणी सांगितली नाही, आणि छोट्या कारखान्यांत पुढच्या पगाराला याहून मोठा झटका बसणार आहे, तेही कुणी सांगत नाही. म्हणून हे पत्र.

अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १३ मे रोजी जाहीर केलं की मे, जून आणि जुलै या तीन महिन्यांसाठी पीएफची वर्गणी १२ टक्क्यांऐवजी १० टक्के राहील, कामगाराचीही आणि मालकाचीही. महागाई भत्ता धरून १५,००० रुपये मूळ पगार असलेल्याचे १,८०० ऐवजी १,५०० कापले गेले. ऑगस्टपासून पुन्हा १,८००.

आमच्याकडे देसूरहून येणारा एक मोल्डर (ओतकामाचे साचे करणारा) जुलैची आणि ऑगस्टची स्लिप शेजारी-शेजारी ठेवून उभा राहिला. दोन्ही घामानं मऊ झालेल्या, पीएफच्या रकान्याखाली पेनानं ओढलेली रेघ. "काका, हे तीनशे गेले कुठं?" मी म्हटलं, ते तुझ्याच खात्यात गेले, मधले तीन महिने जात नव्हते. त्याला पटलं; पण घरी काय सांगू, हा त्याचा प्रश्न राहिलाच. ते तीनशे घरात कधीच मुरले होते. मुलीची शाळा मोबाईलवर भरते, तिचा रिचार्ज त्यातून व्हायचा. शाळा काही अजून उघडलेली नाही.

आता जरा हिशेब मांडतो, कारण 'सवलत' म्हणून जे मिळालं ते नेमकं कुणाचं होतं हे कळायला हवं. तीन महिन्यांत या कामगाराच्या हातात ९०० रुपये जास्त आले. तेवढेच ९०० मालकाच्या हिश्श्यातूनही कमी भरले गेले. म्हणजे पीएफमध्ये १,८०० कमी पडले. (मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के पेन्शनकडे जातात, त्याला धक्का नाही. जी काही तूट आली ती पीएफच्या शिल्लकेत.) गेल्या वर्षाच्या साडेआठ टक्के व्याजदरानं धरलं तर हेच १,८०० वीस वर्षांत नऊ हजारांवर जातात. ज्यांचा पगार सीटीसीवर, म्हणजे मालकाचा पीएफचा हिस्साही धरून, ठरलेला आहे, त्यांना मालकाचे दोन टक्केही हातात द्यायचे होते. कारखान्यातल्या साध्या कामगाराच्या बाबतीत ते मालकाकडेच राहिले. लॉकडाऊनमध्ये भट्ट्या थंड होत्या, ऑर्डरी नव्हत्या, मालकांनाही आधार हवा होता, हे मी नाकारत नाही. पण आपलीच बचत मोडून आपल्याला दिली, तिला मदत म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आता छोट्या कारखान्यांचं. जिथे शंभरपर्यंत कामगार आहेत आणि त्यातले नव्वद टक्के पंधरा हजारांच्या आतले आहेत, तिथे केंद्र सरकार मार्चपासून दोन्ही बाजूंचे मिळून २४ टक्के स्वतः भरत होतं. ही योजना ऑगस्टच्या पगाराबरोबर संपली. उद्यमबागेतल्या कितीतरी शेडमध्ये सहा महिने पीएफची कपात झालेलीच नाही. १२,००० मूळ पगाराच्या माणसाचे सप्टेंबरच्या पगारातून एकदम १,४४० जाणार, आणि हे त्याला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पाकीट उघडल्यावर कळणार. तिकडे कर्जाचे हप्ते पुढे ढकलायची रिझर्व्ह बँकेची मुभाही ३१ ऑगस्टलाच संपली. गाडीचा हप्ता ज्यांनी थांबवला होता, त्यांचं व्याज थांबलेलं नव्हतं. दोन्ही सवलती एकाच महिन्यात उठल्या.

वर यंदा अधिक महिना. १८ सप्टेंबरपासून धोंड्याचा महिना लागतो, त्यामुळे दसरा २५ ऑक्टोबरवर गेला आणि दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यावर. बोनसही त्याच हिशेबानं लांबणार. नेहमीपेक्षा एक अख्खा महिना जास्त काढायचाय आणि मध्ये जावयाचं वाण आहे. माझं म्हणणं स्पष्ट आहे : यंदा चांदीचं ताट, कपडे यांचा आग्रह सासूनंही धरू नये आणि जावयानंही. घरी धोंडे करून वाढले तरी वाण पोचतं. एवीतेवी गर्दी जमवता येत नाहीच.

ही कसर भरायला तेलात पन्नास, साखरेत वीस, भाजीत दहा असं टोचून टोचून वाचवायला गेलं की महिनाअखेर काही हाताला लागत नाही आणि घरात रोज कटकट मात्र होते. तीनशे जात असतील तर तीनशेचा एकच खर्च पकडावा आणि तो बंद करावा. आमच्या त्या मोल्डरनं शेजारच्याबरोबर एका गाडीवरून यायचं ठरवलंय, मास्क लावून. पेट्रोल जूनपासून जे चढलंय, त्यात एका गाडीचं पेट्रोल वाचलं की त्याचे तीनशे भरून निघतात. १,४४० असं एका गाडीतून निघणार नाहीत. तिथे किराणा दुकानदाराशी आताच बोलून ठेवलेलं बरं, उधारीची वही फुगल्यावर नको.

दोघा-तिघांनी विचारलं, पीएफच काढू का? कोरोनासाठीची उचल मिळते हे खरं आहे. तीन महिन्यांचा मूळ पगार व महागाई भत्ता किंवा शिल्लकेच्या ७५ टक्के, यातली जी कमी असेल ती रक्कम. दवाखान्यासाठी लागले तर जरूर काढा. रिचार्जसाठी आणि हप्त्यासाठी नको. उलट ज्यांना पुढे झेपेल त्यांनी अर्ज देऊन काही महिने बारापेक्षा जास्त टक्के कापून घ्यावेत, तशी सोय आहे. त्यात मालक भर घालणार नाही, पण आपली तूट तरी भरून निघेल.

मालकांना आणि त्यांच्या संघटनांना एकच विनंती. सप्टेंबरच्या पगारात कुणाचे किती कापले जाणार, तो आकडा आताच कामगाराला द्या. मे महिन्यात आमच्या फळ्यावर इंग्रजी परिपत्रकाची झेरॉक्स लागली होती, ती चार जणांनी वाचली असेल. यावेळी कन्नड आणि मराठीत अर्धं पान पुरे : पगार इतका, कपात इतकी, हातात इतके. पगाराला अजून तीन आठवडे आहेत.

आपला,
एक वाचक, अनगोळ, बेळगाव
(नाव संपादकांकडे दिले आहे)
९ सप्टेंबर २०२०