आल्प्समधील ‘ओत रूट’ : गाइडच्या नकाराला वेळापत्रकात जागा हवी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत युरोपातील ट्रेकिंगवर जे लेख आणि ज्या जाहिराती प्रसिद्ध होतात, त्यांत फ्रान्समधील शामोनीपासून स्वित्झर्लंडमधील झरमाटपर्यंत जाणाऱ्या ‘ओत रूट’चा उल्लेख अलीकडे वरचेवर येऊ लागला आहे. मराठी ट्रेकर सह्याद्री आणि हिमालय यांच्या पलीकडे जाऊ लागले आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. मी स्वतः गाइडबरोबर या वाटेने गेले आहे आणि ज्याला शक्य असेल त्याने तिथे अवश्य जावे, असे मी म्हणेन. मात्र ही मोहीम आपल्याकडे ज्या पद्धतीने विकली जाते, तिच्यात सर्वांत महत्त्वाची गोष्टच सांगितलेली नसते, म्हणून हे पत्र. ‘आज पुढे जायचे नाही’ किंवा ‘आज दुसऱ्या बाजूने खाली उतरायचे’ असे गाइडने सांगितले, तर तो शब्द अंतिम असतो. आणि त्या शब्दाला जागा राहील असे वेळापत्रक आखणे, ही मोहीम विकणाऱ्याची जबाबदारी असते.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. ओत रूट या एकाच नावाने दोन निराळ्या वाटा ओळखल्या जातात. एक आहे पायवाटेची : सुमारे १८० किलोमीटर लांबीची, साधारण दोन आठवड्यांची, खिंडी ओलांडत पुन्हा पुन्हा गावांत उतरणारी. तिच्यावर हिमनद्या पार कराव्या लागत नाहीत, आणि तब्येतीने खणखणीत असलेला अनुभवी ट्रेकर गाइड न घेताही ती पूर्ण करू शकतो. दुसरी आहे मूळची, उंचावरची वाट, जी इंग्लंडच्या अल्पाइन क्लबच्या गिर्यारोहकांनी स्थानिक गाइडांच्या मदतीने १८६० च्या आसपास शोधून काढली. ती हिमनद्यांवरून, एका पर्वतनिवाऱ्यापासून दुसऱ्या निवाऱ्यापर्यंत जाते आणि सहा-सात दिवसांत संपते. वर्णन पहिल्या वाटेचे आणि छायाचित्र दुसरीचे, अशा जाहिराती मी पाहिल्या आहेत. ‘मध्यम श्रेणी’ हा शिक्का तर दोन्हींवर सारखाच मारलेला असतो. या पत्रात मी लिहिते आहे ते दुसऱ्या वाटेविषयी.

तिचे स्वरूप आकड्यांवरून लक्षात येईल. शामोनी गाव समुद्रसपाटीपासून १,०३५ मीटरवर आहे, तर झरमाटची बाजारपेठ जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर आहे. पण या दोन गावांमधला मुक्काम मात्र आल्बेर प्रमिए (२,७०२ मीटर), त्रिआँ (३,१७० मीटर), दिस (२,९२८ मीटर), विन्येत (सुमारे ३,१६० मीटर), बेर्तोल (३,३११ मीटर) अशा निवाऱ्यांत होतो, आणि वाटेत पिन्य दारोलासारखे सुमारे ३,८०० मीटरचे शिखर लागते. हिमालय पाहिलेल्यांना ही उंची किरकोळ वाटते. तिथेच फसगत होते. हिमालयातल्या बहुतेक लोकप्रिय ट्रेकवर इतक्या उंचीला आपण मातीच्या किंवा दगडांच्या वाटेवर असतो. इथे तेवढ्याच उंचीवर पायाखाली हिमनदी असते आणि तिच्यातल्या भेगा बर्फाच्या पातळ थराखाली झाकलेल्या असतात. म्हणून बुटांना क्रॅम्पॉन (बर्फात रुतणारे धातूचे काटे), कमरेला हार्नेस (दोर अडकवण्याचा पट्टा), हातात आइस अॅक्स, आणि सर्वांना बांधणारा एकच दोर. साधारण सहा जणांमागे एक गाइड असतो. दोरावर दोघांतले अंतर किती असावे, दोर कितपत ताणलेला असावा, कुणी पुढे आणि कुणी शेवटी चालावे, हे सगळे तोच ठरवतो. निघण्यापूर्वी त्याने प्रत्येकाच्या हार्नेसचा पट्टा स्वतःच्या बोटांनी ओढून पाहिला नाही, अशी एकही पहाट मला आठवत नाही.

निवाऱ्यांची व्यवस्था हा या वाटेचा आत्मा आहे. स्विस अल्पाइन क्लबची स्थापना १८६३ साली झाली आणि आज त्या क्लबचे सुमारे दीडशे निवारे आल्प्समध्ये आहेत. दुपारपर्यंत पोहोचायचे, बूट आणि आइस अॅक्स बाहेरच्या खोलीत ठेवून तिथल्या सपाता घालायच्या, सामायिक खोलीत ओळीने मांडलेल्या गाद्यांवर आपल्या पातळ चादरीच्या पिशवीत झोपायचे. धान्य, गॅस आणि इतर सामान हेलिकॉप्टरने येत असल्याने तिथे काहीच स्वस्त नसते, आणि अनेक ठिकाणी पिण्याचे पाणी बाटलीतूनच विकत घ्यावे लागते. पहाटे तीन-चारला न्याहारी होते, कारण सूर्य वर आला की रात्री घट्ट झालेला बर्फ भुसभुशीत होतो आणि भेगांवर साचलेल्या बर्फाचे पूल कमकुवत होतात. निवाऱ्यातल्या नोंदवहीत आपले नाव आणि उद्याचा मुक्काम लिहायचा असतो. आपल्याकडच्या अनेकांना ही निव्वळ औपचारिकता वाटते, पण कुणी वेळेवर पोहोचले नाही तर शोध कुठून सुरू करायचा, हे त्या एका ओळीवरून ठरते.

या व्यवस्थेचा एक परिणाम मात्र ध्यानात घेण्यासारखा आहे. प्रत्येक मुक्काम महिनोन्‌महिने आधी आरक्षित केलेला असतो. त्यामुळे उद्याच्या निवाऱ्यात आपली गादी राखून ठेवलेली आहे आणि परवा झरमाटहून गाडी व नंतर विमान पकडायचे आहे, या गोष्टी माणसाला हवामानाकडे दुर्लक्ष करून पुढे ओढतात. तंबू घेऊन चालणारा गट एक दिवस सहज थांबतो. निवाऱ्यांच्या साखळीत एक कडी चुकली की पुढच्या सगळ्या कड्या हातच्या जातील, अशी भीती वाटू लागते.

आमच्या गटात हा प्रसंग दिसच्या निवाऱ्यात आला. ठरलेला मार्ग पिन्य दारोलावरून पलीकडे विन्येतला जाणारा होता. संध्याकाळी निवाऱ्याच्या भिंतीवरील हवामानाचा कागद वाचून, निवारा सांभाळणाऱ्या बाईंशी बराच वेळ बोलून गाइड आमच्या टेबलाशी आला आणि म्हणाला की शिखरावरून जायचे नाही; सकाळी पा द शेव्रच्या खिंडीतल्या लोखंडी शिड्यांवरून आरोला गावात उतरायचे. आमच्यातल्या एका काकांचा संताप अनावर झाला. इतके पैसे भरले ते शिड्या उतरून गावात जाण्यासाठी नव्हे, असे त्यांनी सुनावले, आणि दोघा-तिघांनी त्यांना दुजोराही दिला. गाइडने वाद घातला नाही, आवाज चढवला नाही. नकाशा उलगडून त्याने पिन्य दारोलाचा पठारासारखा पसरट माथा दाखवला आणि ढग उतरल्यावर तिथे दिशा किती सहज चुकते, तेवढेच सांगितले. दुसऱ्या दिवशी आम्ही शिड्यांनी उतरलो. पुढच्या निवाऱ्याचे आरक्षण बुडाले, आणि ते पैसे परत मिळणार नाहीत हे आयोजकांनी करारात लिहिलेले नसल्याने पुण्यात परतल्यावर आणखी एक वाद झाला. माझ्या मते त्या वादाचे मूळ आल्प्समध्ये नव्हते. ते माहितीपत्रकात होते.

त्या पसरट माथ्याविषयी गाइड जे बोलला, त्यामागे एक खरी घटना आहे. २९ एप्रिल २०१८ रोजी याच वाटेवर, स्कीच्या मोसमात, दिसच्या निवाऱ्यातून निघालेले गिर्यारोहक पिन्य दारोलाजवळ वादळात सापडले. दृष्टी पोहोचेना, वाट सापडेना, आणि १४ जणांना रात्र उघड्यावर काढावी लागली. त्यांतले सात जण मरण पावले आणि त्यांत एक अनुभवी गाइडही होता. विन्येतचा निवारा तिथून अवघ्या काही शे मीटरवर होता. हवामान बिघडणार असल्याचा अंदाज आधीच वर्तवण्यात आला होता. गेलेल्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही आणि तशी इच्छाही नाही. पण मुक्काम इतका जवळ असूनही माणसे गोठून मरू शकतात, हे या वाटेवर जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाला पैसे भरण्यापूर्वी सांगितले गेले पाहिजे. मार्च २०२४ मध्ये झरमाटहून आरोलाकडे निघालेले सहा जण तेत ब्लांश या शिखराजवळ वादळात अडकले आणि त्यांपैकी पाच जणांचे मृतदेह सापडले; ती जागाही याच वाटेवर आहे.

गाइडच्या नकाराला मान का द्यायचा, याचे उत्तर शामोनीच्या इतिहासातही आहे. १८२० साली डॉ. हामेल यांच्या, मों ब्लां या आल्प्समधील सर्वोच्च शिखरावरच्या मोहिमेत ताज्या बर्फामुळे गाइड पुढे जायला कचरत होते, परंतु पैसे देणाऱ्यांनी आग्रह धरला. शिखराच्या उतारावर हिमलोट सुटला आणि तीन गाइड भेगेत गाडले गेले. पुढच्याच वर्षी, १८२१ मध्ये, शामोनीच्या गाइडांची संघटना स्थापन झाली, जी आजही कार्यरत आहे. त्या तिघांचे अवशेष सुमारे चाळीस वर्षांनी, १८६१ पासून, हिमनदीच्या खालच्या टोकाशी बाहेर येऊ लागले. गिर्हाइकाच्या हट्टापुढे गाइडचा शब्द टिकावा, ही गरज त्या गावाला इतकी जुनी माहीत आहे. आज आंतरराष्ट्रीय मान्यता असलेल्या गाइडला खडक, बर्फ आणि स्की या तिन्ही प्रकारांत अनेक वर्षांचे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. आशियात नेपाळसारख्या देशानेही ही मान्यता देणाऱ्या गाइडांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे सदस्यत्व मिळवले आहे. अशा माणसाकडून आपण विकत घेतो ती त्याची पारख असते, आणि ‘नको’ म्हणणे हा त्या पारखीचाच भाग असतो.

हिमनद्यांची आजची अवस्था पाहता ही पारख पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाची झाली आहे. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडमधील हिमनद्यांनी आपल्या एकूण आकारमानाच्या सुमारे १० टक्के बर्फ गमावला. जिथे पूर्वी बर्फाच्या उतारावरून खिंडीत चढता येई, तिथे आता सुटे दगड आणि घसरडी माती उघडी पडली आहे. जुन्या मार्गदर्शिकेत किंवा कुणाच्या पाच-सात वर्षांपूर्वीच्या प्रवासवर्णनात दिलेली वाट आज तशीच असेल, याची खात्री राहिलेली नाही. ऑगस्टमधल्या उष्णतेच्या लाटेत तर ठरलेला दिवस रद्द होण्याची शक्यता नेहमीच गृहीत धरावी लागते.

म्हणून आपल्याकडच्या आयोजकांना माझी विनंती आहे की त्यांनी या वाटेच्या वेळापत्रकात किमान एक दिवस मोकळा ठेवावा आणि तो मोकळा का आहे, हे लिहावे. मुंबई-पुण्याहून समुद्रसपाटीलगतचा माणूस विमानाने येऊन दुसऱ्याच रात्री २,७०० मीटरवर झोपतो. त्याआधी शामोनीच्या परिसरात दोन दिवस चढ-उतार करून शरीराला उंचीची सवय करून देण्याचा खर्च वाचवू नये. क्रॅम्पॉन पहिल्यांदा पायात घालण्याची जागा हिमनदी असू नये, हे खरे तर सांगावे लागू नये, पण आमच्या गटात तसे झाले होते.

विम्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण या बाबतीत जवळजवळ कुणीच विचारत नाही. शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण असलेला विमा लागतो आणि तो घेतला की आपण सुरक्षित झालो, असा समज असतो. पण प्रवासविम्याच्या बहुतेक पॉलिसींत दोर आणि क्रॅम्पॉन वापरून केलेले गिर्यारोहण बारीक अक्षरांत वगळलेले असते. शामोनीत डोंगरातून सुटका करणारे पथक सरकारी आहे आणि त्याचे शुल्क घेतले जात नाही. परंतु ही वाट पहिल्या एक-दोन दिवसांतच सीमा ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये शिरते, आणि तिथे हेलिकॉप्टरचे बिल जखमीच्या किंवा त्याच्या विमा कंपनीच्या नावे निघते. एकाच मोहिमेत, एकाच हिमनदीच्या दोन बाजूंना, नियम बदलतात. आयोजकाने गिर्यारोहणाचा आणि सुटकेचा खर्च स्पष्ट शब्दांत समाविष्ट असलेली पॉलिसी मागितली नाही, तर ती आपण होऊन घ्यावी.

राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले, ही चांगली गोष्ट आहे. पण परदेशातील हिमनदीवर नेणाऱ्या सहलीचे माहितीपत्रक कसे असावे, हा प्रश्न धोरणाची वाट न पाहता गिर्यारोहण संस्थांनीच हाती घ्यावा. मुलुंडला भरणाऱ्या, गिर्यारोहकांच्या गिरिमित्र संमेलनासारख्या व्यासपीठावर या वाटेने गेलेल्यांनी रद्द झालेल्या दिवसांविषयीही बोलावे. आपल्या पुरवणीकडून अपेक्षा एवढीच की, पुढच्या उन्हाळ्याची आरक्षणे हिवाळ्यातच सुरू होतात, त्याआधी ओत रूटवर जो लेख छापला जाईल, त्यात तो पायवाटेविषयी आहे की हिमनदीवरील वाटेविषयी, हे पहिल्याच परिच्छेदात नमूद करावे. आणि जाहिरात स्वीकारताना गाइडला आंतरराष्ट्रीय मान्यता आहे का, हवामानामुळे मार्ग बदलल्यास पैशांचे काय होते आणि मोकळा दिवस ठेवला आहे का, हे आयोजकाला विचारून त्याचे उत्तर जाहिरातीसोबत छापावे.

कळावे,

आपली,
एक वाचक, पुणे