लोट्टो की थंडरबॉल?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्रिटनच्या नॅशनल लॉटरीचा जॅकपॉट फुगला की त्याची बातमी आपल्याकडेही छापून येते. बातमीत बक्षिसाचा आकडा ठळक असतो. तो लागण्याची शक्यता किती, हे मात्र कुठेच नसते. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना लोट्टो आणि थंडरबॉल या तिच्या दोन खेळांतले एक तिकीट निवडायचे झाले, तर मोठ्या आकड्याकडे बघून ते लोट्टोकडे वळण्याचा संभव जास्त. त्यांच्यासाठी हे पत्र.

लोट्टोत १ ते ५९ पैकी सहा आकडे निवडायचे असतात. १९९४ साली खेळ सुरू झाला तेव्हा सोडतीच्या यंत्रात आकड्यांचे गोळे ४९ होते, तिकीट एक पौंडाचे होते आणि सहाही आकडे जुळण्याची शक्यता सुमारे १ कोटी ४० लाखांत एक होती. २०१३ मध्ये तिकीट दोन पौंडांचे झाले. २०१५ मध्ये दहा गोळे वाढवले आणि शक्यता एकदम ४,५०,५७,४७४ मध्ये एक अशी घसरली. दहाच तर गोळे वाढले, असे वाटते. पण सहाही आकड्यांना त्या वाढीव गर्दीतून वाट काढावी लागते, म्हणून फरक तिपटीहून जास्त पडतो. सहानंतर सातवा बोनस गोळा निघतो. तो फक्त दुसऱ्या क्रमांकाच्या बक्षिसासाठी असतो. चार आकडे आणि बोनस जुळला म्हणून हरखून जाण्यात अर्थ नाही. ते चारच धरले जातात.

थंडरबॉलचे तिकीट एक पौंडाचे. ३९ पैकी पाच आकडे आणि वेगळ्या यंत्रातल्या १४ गोळ्यांपैकी एक थंडरबॉल. पहिल्या बक्षिसाची शक्यता ८०,६०,५९८ मध्ये एक आणि रक्कम पाच लाख पौंड, ठरलेली. इथे नवखा माणूस हमखास चुकतो. पाचांत ९ आणि थंडरबॉलही ९ असे होऊ शकते, कारण दोन्ही यंत्रे स्वतंत्र आहेत. पाचांत घेतलेला ९ थंडरबॉलच्या ९ ला चालत नाही. शिवाय मुख्य आकड्यांतले दोन जुळले आणि थंडरबॉल चुकला, तर हाती भोपळा. उलट मुख्य आकड्यांपैकी एकही न जुळता नुसता थंडरबॉल लागला तरी तीन पौंड मिळतात, आणि तसे सुमारे २९ ओळींत (एक ओळ म्हणजे निवडलेल्या आकड्यांचा एक संच) एकदा घडते.

तुलना तिकिटागणिक नको, पैशांगणिक करावी. दहा पौंडांत लोट्टोच्या पाच ओळी येतात, थंडरबॉलच्या दहा. पहिले बक्षीस लागण्याची शक्यता लोट्टोत सुमारे ९० लाखांत एक, थंडरबॉलमध्ये सुमारे आठ लाखांत एक. म्हणजे अकरापट फरक. (अडीच पौंडांच्या युरोमिलियन्स या तिसऱ्या खेळाच्या चार ओळी घेतल्या तर हीच शक्यता साडेतीन कोटींत एक होते. तो प्रकार या पत्रात नको.)

'कोणतेही बक्षीस लागण्याची शक्यता' हा आकडा तर सरळ फसवा आहे. लोट्टोत ती सुमारे नवात एक, थंडरबॉलमध्ये तेरात एक. वरवर लोट्टो उदार दिसते. पण २०१५ च्या बदलात दोन आकडे जुळल्यावर पुढची एक ओळ फुकट, असे बक्षीस आले आणि लोट्टोतली बहुतेक 'बक्षिसे' तीच असतात. रोख रकमेसाठी किमान तीन आकडे जुळावे लागतात आणि त्याची शक्यता साधारण ९२ मध्ये एक. त्या फुकट ओळीला दोन पौंड समजू नये; एका ओळीमागे सरासरीने जे परत येते, तेवढेच तिचे मोल.

आता परताव्याचे बघू. नोव्हेंबर २०१८ मध्ये लोट्टोच्या खालच्या रकमा ठरवून दिल्या: तीन आकड्यांना ३० पौंड, चारांना १४०, पाचांना १,७५०, पाच आणि बोनसला दहा लाख. प्रत्येक रकमेला तिच्या शक्यतेने गुणून बेरीज केली तर दोन पौंडांच्या ओळीमागे जॅकपॉट सोडून रोख ५२ पेन्स येतात. पौंडामागे २६. थंडरबॉलमध्ये याच रीतीने पहिले बक्षीस सोडून पौंडामागे सुमारे ४७ पेन्स, आणि ते धरून ५३ येतात. लोट्टोचा उरलेला जीव जॅकपॉटमध्ये अडकलेला असतो, आणि तो जवळजवळ कुणालाच लागत नाही. दोन्हीकडे तोटा ठरलेलाच, पण थंडरबॉलचा तोटा सावकाश होतो. गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली, हे त्यातल्या त्यात थंडरबॉललाच लागू पडते. रकमा बदलू शकतात, तेव्हा तिकीट घेण्याआधी चालू तक्ता जरूर पाहावा.

कोणते आकडे घ्यावेत याने शक्यता तसूभरही बदलत नाही. मात्र लोट्टोचा जॅकपॉट विजेत्यांत विभागला जातो, म्हणून तिथे आकड्यांची निवड रकमेवर परिणाम करते. १४ जानेवारी १९९५ च्या सोडतीत १३३ तिकिटांना जॅकपॉट लागला आणि प्रत्येकाच्या वाट्याला १,२२,५१० पौंड आले. २३ मार्च २०१६ चे उदाहरण आणखी बोलके आहे. त्या दिवशी ७, १४, २१, ३५, ४१, ४२ हे आकडे निघाले. साताचा पाढा लिहिणारे इतके निघाले की ४,०८२ जणांचे पाच आकडे जुळले. तेव्हा ते बक्षीस वाटून मिळत असे. प्रत्येकाला १५ पौंड मिळाले, तर चार आकडेवाल्यांना ५१. पाचांची रक्कम २०१८ मध्ये ठरवून दिली तरी जॅकपॉटला वाटणी आहेच. लोट्टो घ्यायचीच असेल तर वाढदिवसांचे १ ते ३१, पाढे आणि तिकिटावरच्या नक्षीदार रेषा टाळाव्यात. थंडरबॉलमध्ये बक्षिसे ठरलेली असल्याने लेकीची जन्मतारीख बिनधास्त लिहावी.

लोट्टो कधी घ्यावी, याचे उत्तर एकच: 'मस्ट बी वन' सोडतीला. जॅकपॉट पाच वेळा पुढे ढकलला गेला की पुढच्या सोडतीत तो वाटावाच लागतो. सहा आकडे कुणाचेच जुळले नाहीत तर ती रक्कम खालच्या बक्षिसांत उतरते. त्या दिवशी तीन-चार आकड्यांच्या तिकिटालाही नेहमीपेक्षा जास्त मिळू शकते. मात्र कुणाला जॅकपॉट लागला तर खालच्यांना नेहमीइतकेच.

थंडरबॉलची गोम वेगळी आहे. सोडत मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार अशी चारदा होते. 'एकच तर पौंड' म्हणत चारही वार खेळले की आठवड्याला चार पौंड जातात, लोट्टोच्या दोन सोडतींइतकेच, आणि वर्षाला २०८. स्वस्त तिकिटाचा फायदा असा संपतो. एकच वार ठरवावा.

कागदी तिकिटाच्या मागे लगेच नाव लिहावे. मुदत सोडतीपासून १८० दिवसांची. बक्षिसावर तिथे कर नाही, पण नंतरच्या व्याजावर लागू शकतो. मित्रांनी मिळून घेतले असेल तर कोणाचा वाटा किती हे सोडतीपूर्वी लिहून सह्या कराव्यात. लेखी करार नसला तर वाटलेली रक्कम भेट समजून पुढे वारसा कराचा प्रश्न उभा राहू शकतो.

इथे बसून ही तिकिटे मागवण्याच्या फंदात मात्र कुणी पडू नये. ऑनलाइन खाते तिथल्या रहिवाशांनाच मिळते, आणि लॉटरीच्या तिकिटासाठी भारतातून परदेशी पैसे पाठवायला फेमाच्या (परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या) नियमांत मनाई आहे. 'तुमचा ईमेल सोडतीत निवडला गेला' असा निरोप आला, तर ती सोडत मुळात होतच नाही. तिकीट न घेता बक्षीस लागत नाही, आणि खरे बक्षीस देताना आधी 'प्रक्रिया शुल्क' मागत नाहीत.

आपला,
एक वाचक