सरकारने बसवायला लावलेल्या जीपीएसची साक्ष सरकारनेच ऐकावी : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : अतिवेगाच्या ई-चलनाविरुद्धच्या तक्रारीत वाहनातील जीपीएस यंत्राची नोंद पुरावा म्हणून विचारात घेण्याबाबत.

महोदय,

जालन्यात माझा प्रवासी वाहतुकीचा छोटासा व्यवसाय आहे. तीन गाड्या आहेत, त्यांतली एक सतरा सीटर ट्रॅव्हलर. लग्नसराईत वऱ्हाड आणि एरवी वेरूळ, औंढा, परळी, तुळजापूर अशा देवदर्शनाच्या फेऱ्या, यांवर आमचे वर्ष निघते. गेल्या नवरात्रात ही ट्रॅव्हलर एकाच घरातील १४ माणसे घेऊन अंबड, शहागडमार्गे तुळजापूरला निघाली होती. गेवराई ओलांडून पाडळसिंगीच्या अलीकडे दुपारी ३ वाजून ४२ मिनिटांनी ती ताशी १०४ किलोमीटर वेगाने धावत होती, असे २००० रुपयांचे चलन माझ्या मोबाइलवर आले. चलन मुदतीत आले, त्यावर फोटो होता, नंबरही आमचाच होता. पटला नाही तो फक्त वेगाचा आकडा.

न पटण्याचे पहिले कारण असे की, केंद्रीय मोटार वाहन नियम ११८ प्रमाणे या गाडीला स्पीड गव्हर्नर, म्हणजे ठरावीक मर्यादेपुढे वेग जाऊ न देणारे यंत्र आहे, ते ताशी ८० वर सील केलेले आहे आणि पासिंगच्या वेळी ते सील तपासले गेले आहे. उतारावर गव्हर्नर असलेली गाडीही थोडी पुढे सरकते हे मला ठाऊक आहे. परंतु चलनावर दाखवलेले ठिकाण सपाट आहे, मांजरसुंब्याचा घाट तेथून बराच दूर आहे. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण म्हणजे गाडीतले जीपीएस. हे यंत्र मी हौसेने बसवलेले नाही. सार्वजनिक प्रवासी वाहनांसाठी नियम १२५-एच आणि एआयएस-१४० या मानकाने ते सक्तीचे केले आहे, ते चालू नसेल तर फिटनेस प्रमाणपत्र मिळत नाही, आणि त्याची माहिती पुरवठादाराच्या सर्व्हरबरोबरच शासनाच्या नियंत्रण केंद्राकडेही जावी अशी त्याची रचना आहे.

त्या दिवशीची नोंद मी पुरवठादाराकडून मागवली. आमचे यंत्र दर १० सेकंदांना गाडीचे स्थान, वेग आणि दिशा पाठवते. चलनातल्या मिनिटाच्या सहा नोंदींपैकी सर्वांत मोठा आकडा ७९ आहे. दोन नोंदींच्या मधल्या १० सेकंदांत चालकाने वेग वाढवून पुन्हा कमी केला असेल, ही शंका रास्त आहे आणि मी स्वतःही ती आधी घेतली. म्हणून मी लागोपाठच्या स्थानांमधले अंतर काढले. ताशी ७८ वेगाने गाडी १० सेकंदांत सुमारे २१७ मीटर जाते. तेवढ्याच वेळात ती ७८ वरून १०४ वर जाऊन परत ७८ वर आली असती, तर हे अंतर सुमारे २५३ मीटर भरले असते. नोंदीतले प्रत्येक अंतर २१५ ते २२० मीटरच्या आत आहे. मोकळ्या आभाळाखाली जीपीएसची चूक काही मीटरांची असते, ३५ मीटरांची नव्हे; आणि १४ माणसे व सामान भरलेली ट्रॅव्हलर पाच सेकंदांत २६ ने वेग वाढवून पुढच्या पाच सेकंदांत तो उतरवते, हे गाडी चालवणाऱ्या कोणालाही पटणार नाही.

मग १०४ हा आकडा आला कोठून? चलनाचा फोटो मोठा करून पाहिला, तर त्यात डाव्या कडेला एका पांढऱ्या कारचे बॉनेट आणि एक दिवा दिसतो. फोटो समोरून काढलेला असल्याने ती कार आमच्या उजव्या अंगाने पुढे निघत होती, हे उघड आहे. लेझर स्पीड गनचा झोत सुईसारखा बारीक राहत नाही. नेहमीच्या यंत्रांत तो ३०० मीटरवर जवळपास मीटरभर रुंद होतो. दोन गाड्या शेजारी असताना हात किंचित हलला, तरी वेग एकीचा आणि नंबर दुसरीचा अशी गल्लत होऊ शकते. असेच झाले असा माझा दावा नाही, कारण मोजणी लेझरने केली की रडारने, एवढीही माहिती मला मिळालेली नाही. मात्र असे घडणे शक्य आहे का, हे तपासण्याचे साधन शासनाच्याच हाती आहे आणि ते कोणी उघडून पाहिले नाही.

ऑनलाइन तक्रारीला ‘पुरावा ग्राह्य नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले. कारण विचारण्यासाठी मी प्रत्यक्ष गेलो, तेव्हा टेबलामागच्या कर्मचाऱ्यांनी माझ्या कागदावर बोट ठेवून सांगितले, “तुमची गाडी सकाळी दहा बाराला तिथं होती, चलन दुपारचं आहे.” कागदावर खरोखरच १०:१२ छापलेले होते. जीपीएस यंत्रे जागतिक प्रमाणवेळेत नोंद ठेवतात आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते. १०:१२ मध्ये ते मिळवले की बरोबर ३:४२ होतात. मी हे समजावून सांगितले, पण मागे रांग होती. चूक काही अंशी माझीही आहे; पुरवठादाराकडून भारतीय वेळेतला तक्ता मागायचे मला सुचायला हवे होते. तरीही ज्या यंत्राची सक्ती राज्यभर आहे, त्याचा कागद वाचता येणारे एक तरी माणूस तक्रार पाहणाऱ्या टेबलावर असावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

कायदा या बाबतीत आमच्या विरोधात नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १८३ सांगते की, एकट्या साक्षीदाराला वेग जास्त वाटला एवढ्यावर कोणालाही दोषी धरता येत नाही. ते मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या आधाराने बनलेले असले पाहिजे. म्हणजे कायद्याने माणसाच्या डोळ्यापेक्षा यंत्रावर भरवसा ठेवला आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७-ए ने त्यापुढे जाऊन स्पीड गनसारख्या उपकरणांना मान्यतेचे प्रमाणपत्र आणि त्याचे वार्षिक नूतनीकरण आवश्यक केले, तसेच चलनासोबत उपकरणाची मोजणी आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र असावे असे सांगितले. हे प्रमाणपत्र ज्याखाली दिले जाई, त्या जुन्या पुरावा कायद्यातील कलम ६५-बी ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ ने घेतली आहे. आमच्या मोंढ्यात सोयाबीन मोजणाऱ्या काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का नसेल तर शेतकरी पोते उचलून दुसरीकडे नेतो. माझ्या चलनावर मात्र ज्या यंत्राने १०४ मोजले त्याच्या प्रमाणपत्राचा क्रमांक नाही, तारीख नाही, आणि मागूनही ती मिळालेली नाही.

वाहनमालक स्वतःच्या सोयीचा तक्ता बनवून आणेल, अशी भीती असल्यास ती मला समजते. म्हणूनच माझी मागणी माझ्या कागदावर विश्वास ठेवण्याची नाही. तक्रारदाराने संमती दिल्यास चलनातील वेळेच्या आधीची व नंतरची पाच मिनिटे एवढीच नोंद शासनाने आपल्या नियंत्रण केंद्रातून स्वतः काढावी, चलनाच्या अक्षांश-रेखांशाशी ताडून पाहावी आणि निकाल कारणांसह लिहून द्यावा. हीच नोंद उलट्या बाजूने, मालकाच्या तक्रारीविना, दंड लावण्यासाठी वापरली जाऊ नये, कारण ते यंत्र प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी म्हणून बसवून घेतलेले आहे. आणि ती नोंद आमच्या विरोधात गेली तर आम्ही दंड भरू. यापूर्वी एका गावाजवळच्या ६० च्या टप्प्यात याच गाडीचे चलन आले, तेव्हा जीपीएसने ७४ दाखवले. मी त्याच संध्याकाळी पैसे भरले आणि चालकाला दोन शब्द सुनावले.

रक्कम २००० रुपयांची असल्याने बहुतेक मालक भांडत नाहीत, लोक अदालतीची वाट पाहतात आणि तडजोड करून मोकळे होतात. एका फेऱ्यात दिवस मोडतो आणि गाडी उभी राहिली तर त्याहून जास्त नुकसान होते, हा त्यांचा हिशेब चुकीचा नाही. परंतु कलम १८३ खाली पुन्हा गुन्हा झाला तर चालकाचा परवाना जप्त होऊ शकतो. आमचे चालक, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, त्यांचे घर त्या परवान्यावर चालते. न केलेला गुन्हा तडजोडीत कबूल करा, असे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? शिवाय चलन थकीत असले की गाडीची पुढची कामे अडतात. म्हणून तक्रारीचा कारणांसह निकाल लागेपर्यंत त्या एका चलनापायी फिटनेस आणि परमिटची कामे थांबवू नयेत, अशीही विनंती आहे. ई-चलनाची यंत्रणा पोलिसांकडे आणि जीपीएसची सक्ती आपल्या खात्याकडे असल्यामुळे आम्हाला दोन दारांत फिरावे लागते; गृह विभागाशी बोलून हे दोन धागे आपणच जोडू शकता.

माझ्या ट्रॅव्हलरचे पासिंग पुढच्या महिन्यात आहे. चलन अद्याप भरलेले नाही. भारतीय वेळेतला नवा तक्ता, पुरवठादाराचे कलम ६३ चे प्रमाणपत्र आणि मोठा केलेला फोटो यांसह मी दुसरी तक्रार दाखल केली असून तिची प्रत या पत्रासोबत आपल्या कार्यालयाकडे पाठवत आहे.

आपला नम्र,
एक प्रवासी वाहनमालक,
जालना